सूर्य मावळला की गडगडाटी वादळ विरते का?

उन्हाळ्यातले गडगडाटी वादळ दिवसाच्या उन्हावर पोसले जाते, त्यामुळे अंधार पडला की ते आपोआप विरते, हा समज फार जुना आहे. एकट्या ढगापुरता तो बहुतेक वेळा खरा ठरतो, कारण अशा ढगाचे आयुष्य साधारण 30 ते 60 मिनिटांचे असते आणि त्याच्याच पावसाने थंड झालेली हवा खाली येऊन त्याचा उबदार हवेचा पुरवठा तोडते.

मात्र हीच थंड हवा जमिनीलगत पसरताना पुढची दमट हवा वर ढकलते, नवे ढग जन्माला घालते, आणि अनेक ढग जोडले जाऊन 100 किलोमीटरहून रुंद समूह तयार झाला की तो कित्येक तास टिकतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत तर उन्हाळी पावसाचा मोठा वाटा रात्रीच पडतो, कारण तेथे सूर्यास्तानंतर जमिनीपासून काही शे मीटर उंचीवर दक्षिणेकडून वेगवान, बाष्पयुक्त वारा वाहू लागतो. 29 जून 2012 रोजी दुपारी शिकागोच्या परिसरात संघटित झालेली वादळांची रांग रात्री वॉशिंग्टनवर आदळली.

या रात्रीच्या वादळांचा अंदाज अधिक अवघड असतो, आणि माझ्या मते समजातला खरा धोका येथेच आहे. हवा जमिनीवरून नव्हे तर वरच्या थरातून उचलली जात असल्याने जमिनीवरची तापमापके फारसे काही सांगत नाहीत. म्हणून संध्याकाळी दिलेला इशारा रात्री बदलू शकतो. झोपण्यापूर्वी तो पुन्हा पाहावा.