कुवेतचा कर्ज कायदा: बचत असूनही उसनवारी का? – पार्श्वभूमी

मार्च 2025 मध्ये कुवेतने नवा कर्ज कायदा केला. सरकारला 30 अब्ज दिनारपर्यंत कर्ज उभारता येईल, आणि त्याची मुदत 50 वर्षांपर्यंत असू शकेल. याच देशाची परदेशात गुंतवलेली बचत एक लाख कोटी डॉलरच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. मग हात उसने कशासाठी घ्यायचे? या प्रश्नाचे उत्तर तेलाच्या भावात फारसे सापडत नाही. ते सापडते 1976 च्या एका फर्मानात आणि त्यावरून पुढे झालेल्या भांडणात.

तेलाआधीचे कुवेत मोती, गलबते आणि व्यापारावर जगत होते. मलबारच्या सागवानाची गलबते बांधायची आणि आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकायचे, असा तो संसार. 1930 च्या सुमारास जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने तो मोडला. 1934 मध्ये तेलाचा मक्ता एका ब्रिटिश-अमेरिकी कंपनीला गेला, 1938 मध्ये बुरगानला तेल लागले, महायुद्धामुळे काम थांबले आणि पहिले जहाज 1946 मध्ये भरले. व्यवहार मात्र 1961 पर्यंत रुपयातच चालत. सोन्याच्या चोरट्या व्यापारात भारताची गंगाजळी झिजू लागली, म्हणून रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. दोन वर्षांनी कुवेती दिनार आला. तेव्हा एका दिनारला 13 रुपयांहून थोडे जास्त मोजावे लागत.

1951 मध्ये कंपनीशी निम्म्या नफ्याचा करार झाला आणि राज्याच्या हाती एकदम पैसा आला. तो लोकांपर्यंत कसा पोहोचवायचा, याची जी रीत तेव्हा बसली ती आजतागायत सुटलेली नाही. 1952 मध्ये नव्या शहराचा आराखडा आला. त्यासाठी सरकारने तटबंदीच्या आतली जुनी घरे आणि जमिनी विकत घेतल्या, त्याही बाजारभावापेक्षा कितीतरी चढ्या दराने. रस्ते, शाळा, कार्यालये यांना जागा मिळाली आणि मालकाच्या हाती भांडवल. पुष्कळदा अशी घेतलेली जमीन सरकार पुढे खासगी लोकांना स्वस्तात विकतही असे. ज्यांच्याकडे आधीच जमीन होती किंवा आराखडा कुठून जाणार याची आधी खबर होती, त्यांना सर्वात मोठा घास मिळाला. व्यापारी घराण्यांनी राजकारणात गप्प राहावे, हा या सौद्याचा न लिहिलेला भाग होता. त्याला कल्याणकारी धोरण म्हणणे मला अर्धेच खरे वाटते.

सामान्य नागरिकाच्या वाट्याला आली ती सरकारी नोकरी, मोफत शिक्षण आणि उपचार, घरासाठी बिनव्याजी कर्ज, स्वस्त शिधा आणि जवळपास फुकट वीज. विजेचा दर 1966 पासून युनिटला 2 फिल्स आहे; 1000 फिल्सचा एक दिनार होतो. आयकर नाही. आज नोकरी करणाऱ्या कुवेतींपैकी बहुसंख्य सरकारकडे आहेत, आणि अंदाजपत्रकातला सुमारे 80 टक्के खर्च पगार व अनुदानांवर होतो. बांधकाम, घरकाम, दुकाने, दवाखाने हे सगळे चालवतात ते परदेशी लोक. लोकसंख्येत ते दोनतृतीयांशांच्या आसपास आहेत आणि त्यांत भारतीय सर्वाधिक. या वाटणीत त्यांना जागा नाही.

बचतीची सुरुवात मात्र लवकर झाली. 1953 मध्ये, स्वातंत्र्याच्या आठ वर्षे आधी, कुवेतने लंडनमध्ये गुंतवणूक मंडळ बसवले. जगातला पहिला सार्वभौम निधी, म्हणजे राज्याच्या मालकीचा गुंतवणूक निधी, म्हणून त्याचीच गणना होते. 1975 मध्ये तेल कंपनी पूर्णपणे राज्याच्या मालकीची झाली, आणि पुढच्या वर्षी ते फर्मान निघाले. सर्वसाधारण राखीव निधीतला, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतला, निम्मा पैसा उचलून ‘भावी पिढ्यांचा निधी’ उभा करायचा आणि दरवर्षी राज्याच्या महसुलातले 10 टक्के त्यात टाकायचे. वेगळा कायदा केल्याशिवाय त्यातून काढायचे नाही. हे फर्मान निघाले तेव्हा संसद बरखास्त होती. निवडून आलेल्या कुणाचेही त्यावर मत घेतलेले नव्हते, आणि हे तपशीलापुरते नाही. 1982 मध्ये दोन्ही निधी एका प्राधिकरणाकडे गेले आणि त्यांच्या मालमत्तेची माहिती बाहेर फोडणे हा गुन्हा ठरला. म्हणजे बचत भावी पिढ्यांची, पण ती किती आहे हे आजच्या पिढीने विचारायचे नाही.

त्याच 1982 मध्ये सूक अल-मनाख हा अनधिकृत शेअर बाजार कोसळला. तिथे पुढच्या तारखेच्या चेकवर सौदे होत. हिशेब लावला तेव्हा चेकांवरचे आकडे 94 अब्ज डॉलरच्या आसपास भरले. सरकारने बुडालेल्यांना सावरले, आणि नुकसान शेवटी राज्यच भरते हा समज पक्का झाला. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने देश गिळला तेव्हा निधीचे खरे मोल दिसले. परागंदा सरकार, देशाबाहेर अडकलेले नागरिक, युद्धाचा खर्च आणि जळत्या विहिरी विझवण्यापासूनची पुनर्बांधणी, हे सगळे त्यातून निभावले. आपल्याकडे त्या वर्षाची आठवण वेगळी: सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना मुख्यतः अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

खरा पेच 2014 नंतरचा. तेल घसरले आणि तूट सुरू झाली. मार्च 2017 मध्ये सरकारने परदेशात पहिल्यांदा 8 अब्ज डॉलरचे रोखे विकले. त्याच ऑक्टोबरमध्ये कर्ज काढण्याची कायदेशीर मुदत संपली, आणि ती वाढवायला संसदेने नकार दिला. मग तूट भरायला उरला तो सर्वसाधारण निधी. ऑगस्ट 2020 मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेला सांगितले की त्यातली रोकड 2 अब्ज दिनारवर आली आहे, महिन्याला 1.7 अब्ज उचलले जात आहेत आणि ऑक्टोबरनंतरच्या पगाराची तजवीज नाही. पतमानांकन घसरले. सरकारने अखेर सर्वसाधारण निधीतल्या मालमत्ता भावी पिढ्यांच्या निधीला विकून रोकड मिळवली, म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. तुटीच्या वर्षी 10 टक्के वळते करण्याची सक्तीही त्याच वर्षी निघाली.

कर्जाची मुदत वाढवण्यास दिलेल्या त्या नकारामुळे परदेशी पत्रकारांनी खासदारांना लोकानुनयी ठरवले. त्यात तथ्य आहे: नागरिकांची कर्जे माफ करा, ही मागणी तेच वर्षानुवर्षे रेटत होते, आणि 2016 मध्ये पेट्रोल महागले तेव्हाही वाद इतका पेटला की संसदच बरखास्त झाली. पण त्यांचा दुसरा प्रश्न रास्त होता. आधी खर्चातली गळती थांबवा, निधीचा हिशेब उघड करा, मग आमच्या नातवंडांच्या नावावर 30 वर्षांचे कर्ज चढवा, असे ते म्हणत होते. सरकारच्या 20 अब्ज दिनारच्या तेव्हाच्या कर्ज प्रस्तावाबरोबर असा हिशेब लोकांसमोर आला नाही. कर्जाला विरोध आणि हिशेबाची मागणी या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या, आणि गाठोडे फेकताना दोन्ही गेल्या.

10 मे 2024 रोजी अमीरांनी, म्हणजे देशाच्या राज्यकर्त्यांनी, संसद बरखास्त करून राज्यघटनेतली काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित केली. दहा महिन्यांनी कर्ज कायदा फर्मानाने आला. 1976 प्रमाणेच या वेळीही मतदान झाले नाही, मर्यादा मात्र अडलेल्या प्रस्तावाच्या दीडपट झाली. जानेवारी 2025 पासून मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर 15 टक्के किमान कर लागला आहे. भाड्याच्या सदनिकांत राहणाऱ्या परदेशी लोकांची वीज 2017 मध्येच महागली होती. नागरिकांच्या घरांसाठी दर अजून 2 फिल्सच आहे, आणि त्या 1982 च्या गोपनीयतेच्या तरतुदीला नव्या कर्ज कायद्याने हात लावलेला नाही.