स्टेप फाइल मिळाली, पण होल गोल आहे का?

ग्राहकाकडे मूळ कॅड मॉडेल नसतं, येते फक्त नॅस्ट्रानची मेश, म्हणजे ताकद तपासणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी पार्टचे केलेले छोटे तुकडे (एलिमेंट) आणि त्यांना जोडणारे ठिपके (नोड). अंधेरीच्या डिझाइन ऑफिसातून तिची स्टेप, म्हणजे बहुतेक कॅडमध्ये उघडणारी फाइल, करून साकीनाक्याच्या मशीनिंगच्या गाळ्यावर पाठवली की फोन येतो, "साहेब, सॉलिड उघडलं, पण होल पकडत नाहीये."

पकडणार कसं? स्टेपमध्ये एक सिलेंडर लिहिता येतो, तसे हजारो चपटे त्रिकोणही. मेशची बाहेरची कातडी काढून प्रत्येक त्रिकोणाचा फेस (पृष्ठभागाचा एक तुकडा) केला आणि सगळे शिवले, की झालं रूपांतरित सॉलिड. त्याच मेशवरून प्लेन, सिलेंडर, फिलेट (गोलावलेला कोपरा) ओळखून नवे फेस बांधले, तर ती पुनर्रचना. दोन्हींचं एक्स्टेन्शन एकच. त्यात सपाट भागावरचे त्रिकोण सॉफ्टवेअरने एकत्र केले असतील, तर पहिलं मॉडेलही स्वच्छ दिसतं आणि माणूस फसतो.

फरक मोजून बघा. १० मिमीच्या होलभोवती १२ एलिमेंट आहेत. कोपऱ्यांचे नोड बरोबर ५ मिमी त्रिज्येवर, पण दोन नोडमधली कड सरळ, म्हणजे आतल्या बाजूला. समोरासमोरच्या दोन कडांमधलं अंतर भरतं ९.६६ मिमी. १० ची पिन त्यातून जाणार नाही. आता तेच १२ नोड घेऊन वर्तुळ बसवा, १० मिमी जसाच्या तसा परत येतो. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच: ठिपके तेच, एकाने सरळ रेघांनी जोडले, दुसऱ्याने वळणाने. म्हणून मी नोडवर विश्वास ठेवतो, एलिमेंटच्या कडांवर नाही. फिलेटवर मात्र जपून; आडव्या दिशेने एकच एलिमेंट असेल तर फक्त दोन टोकं हातात येतात. शेजारचे फेस आधी बसवून, त्यांना स्पर्श करणारी त्रिज्या काढावी लागते.

शेल मेशमध्ये, म्हणजे पत्र्याच्या जाडी नसलेल्या मेशमध्ये, पुनर्रचनेला पर्यायच नाही. ती बहुधा मिडसरफेसवर, म्हणजे जाडीच्या मधोमध असते; जाडी पीशेल कार्डात (फाइलमधल्या एका नोंदीत) आकडा म्हणून. ऑफसेट, म्हणजे मेश बाजूला सरकवल्याची नोंद, नसेल तर दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी जाडी द्यायची. एका बाजूला पूर्ण दिली की असेंब्लीत पत्रा शेजारच्या पार्टमध्ये घुसलाच.

आणि युनिट? नॅस्ट्रानच्या फाइलमध्ये ते लिहिलेलंच नसतं. स्टीलच्या मटेरियल कार्डात ई (यंग्ज मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा) २१०००० च्या आसपास दिसला तर न्यूटन-मिमी, २.१ गुणिले १० चा ११ वा घात दिसला तर मीटर. हे बघितल्याशिवाय मी एक्स्पोर्टला हात लावत नाही.

रूपांतरित सॉलिड टाकाऊ आहे असं नाही. जागा पुरते का बघायला, थ्रीडी प्रिंटला किंवा ग्राहकाला दाखवायला ते चालतं. उगाच पुनर्रचनेचे पैसे लावू नयेत. पण व्यास बदलायचा असेल, मशीनिंग करायचं असेल, तर पुनर्रचनाच हवी. फीचर ट्री (मॉडेल कसं बांधलं त्याची यादी) नसला तरी खरा सिलेंडर असेल तर डायरेक्ट एडिटिंगने, म्हणजे फेस थेट पकडून, व्यास बदलता येतो. फाइल हातात आली की होलच्या भिंतीवर क्लिक करायचं. चपटी पट्टी उजळली, तर कोटेशन देण्याआधी फोन लावायचा.

दोन्ही पद्धतींतून एक गोष्ट मात्र परत येत नाही. मेश करण्याआधी ॲनालिस्टने काढून टाकलेले छोटे होल, चॅम्फर (तिरकी कापलेली कड), थ्रेड. त्यासाठी ड्रॉइंग मागावं लागतं, नाहीतर जुना पार्टच टेबलावर आणून मोजावा लागतो.