नाटोचं पाचवं कलम: हल्ला झाला की सगळे आपोआप युद्धात?

नाटो या अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीतल्या एका देशावर हल्ला झाला की बाकीचे आपोआप युद्धात उतरतात, हे टीव्हीवरच्या चर्चांत इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटू लागतं. १९४९ च्या करारातलं पाचवं कलम जरा नीट वाचा. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, हे बरोबर. पण मदत म्हणून प्रत्येकाने 'स्वतःला आवश्यक वाटेल ती' कृती करायची. सैन्य पाठवणं हा त्यातला फक्त एक पर्याय. ही मोकळीक अमेरिकेलाच हवी होती. युद्ध पुकारायचा अधिकार तिथल्या काँग्रेसचा, म्हणजे संसदेचा ना! शिवाय सहाव्या कलमात भूगोलाची अट: अटलांटिकमधली बेटं कर्कवृत्ताच्या उत्तरेला असतील तरच संरक्षण. ब्रिटनची फॉकलंड बेटं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ती घेतली तेव्हा पाचवं कलम लागूच नव्हतं. आजवर ते वापरलं गेलं एकदाच: ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, तेही अमेरिकेसाठी.