रिच, रिचर्ड

रिच, रिचर्ड : (सु. १४९६ – १२ जून १५६७). ट्यूडरकालीन इंग्लंडमधील वकील व मुत्सद्दी. जन्म लंडनमध्ये. मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत त्याने कायद्याचे शिक्षण घेतले आणि १५३३ मध्ये तो सॉलिसिटर जनरल (राजाचा एक वरिष्ठ सरकारी वकील) झाला. त्याचे नाव आजही घेतले जाते ते मात्र एका साक्षीमुळे.

राजा आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख मानायचे की नाही, यावर माजी लॉर्ड चॅन्सेलर (राज्यातील सर्वोच्च न्यायाधिकारी) टॉमस मोर तोंड उघडत नव्हता. १२ जून १५३५ रोजी लंडनच्या टॉवर या किल्ल्यातील त्याच्या कोठडीतली पुस्तके जप्त करायला माणसे गेली, त्यांत रिच होता. वकिली सवयीने दोघांत ‘समजा’ची भाषा सुरू झाली. संसदेने उद्या मला राजा केले तर मानाल का, असे रिचने विचारले. मानेन, पण देव हा देवच नाही असा कायदा संसदेने केला तर, असा मोरचा उलट प्रश्न. याच ओघात मोरने हेन्रीचे चर्चप्रमुखपद नाकारले, असे रिचने न्यायालयात शपथेवर सांगितले. मोरने ते साफ फेटाळले. कोठडीत हजर असलेल्या साउथवेल व पामर यांनी तर, आम्ही पुस्तके पोत्यात भरत होतो, बोलण्याकडे लक्ष नव्हते, असे सांगून अंग काढून घेतले. दरबाराची मर्जी सांभाळायची, पण खोटेही बोलायचे नाही, अशी ही पळवाट दिसते. १ जुलैला मोर राजद्रोहाचा दोषी ठरला. ६ जुलैला त्याचा शिरच्छेद झाला.

पुढच्याच वर्षी रिच कॉमन्स सभागृहाचा सभापती झाला. शिवाय बरखास्त मठांच्या जमिनी व महसूल पाहणाऱ्या ‘कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स’चे प्रमुखपद त्याच्याकडे आले. ही जागा मोक्याची होती. एसेक्समधील लीझचा मठ त्याने स्वतःच्या पदरात पाडून घेतला व तिथे वाडा बांधला. लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू मठाची मालमत्ताही १५४४ मध्ये त्याने विकत घेतली. ज्याच्या आधाराने तो वर चढला, त्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्यावर १५४० मध्ये संकट येताच त्याच्याविरुद्धही त्याने साक्ष दिली. १५४६ मध्ये प्रॉटेस्टंट ॲन ॲस्क्यू हिला टॉवरमध्ये ताणयंत्रावर चढवले, तेव्हा रिच आणि लॉर्ड चॅन्सेलर राइअथस्ली यांनी स्वतःच्या हातांनी ते फिरवले, असे तिने लिहून ठेवले आहे.

१५४७ मध्ये तो बॅरन आणि प्रॉटेस्टंट राजवटीचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. कॅथलिक राणी मेरी गादीवर येताच एसेक्समध्ये प्रॉटेस्टंटांना पकडू लागला. १५६४ मध्ये त्याने फेल्स्टेड येथे शाळा काढली. ती अजून चालू आहे. त्याचे दफनही तिथल्याच चर्चमध्ये झाले.