धूमकेतू निरीक्षण व छायाचित्रण (सोलापूर परिसर)

नुसत्या डोळ्यांना दिसणारा धूमकेतू, म्हणजे बोलीतले शेंडेनक्षत्र, गाठून त्याची छायाचित्रे घेणे. असा धूमकेतू बहुधा सूर्याजवळ असतानाच तेजाळतो. त्यामुळे तो पहाटे पूर्वेला किंवा दिवेलागणीनंतर पश्चिमेला, क्षितिजालगत अर्धा-पाऊण तासच सापडतो. मार्च 1996 मधला ह्याकुताके पृथ्वीच्या फार जवळून गेल्याने रात्रभर उंचावर दिसला, पण तो अपवाद.

सोलापूर 17.7 उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य क्षितिजाखाली बराच उभा उतरतो, संधिप्रकाश सुमारे सव्वा तासात संपतो आणि सूर्याजवळचा धूमकेतू युरोपच्या मानाने लवकर काळोखात येतो. अडचण ऋतूची. जुलै 2020 मधला निओवाइज ऐन पावसाळ्यात आला. ऑक्टोबर 2024 च्या त्सुचिनशान-अ‍ॅटलासने मात्र परतीच्या पावसानंतरची वेळ साधली. 27 सप्टेंबरला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता. त्या सुमारास तो पहाटे पूर्वेला आणि दसऱ्यानंतर (12 ऑक्टोबर) संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला. तिथून कोजागरीपर्यंत चारच दिवस होते, आणि पुढे चंद्र उशिरा उगवू लागला तोवर धूमकेतू फिका पडला होता.

जागा निवडताना शहरापासूनच्या अंतराइतकीच दिशाही पाहावी लागते. शहर पाठीशी हवे. संध्याकाळच्या धूमकेतूसाठी पश्चिमेला जावे: मंगळवेढा रस्त्याने तिऱ्ह्याच्या पुढे किंवा पुणे रस्त्याने केगाव मागे टाकून. पहाटेच्या धूमकेतूसाठी हैदराबाद रस्त्याने बोरामणीकडे किंवा अक्कलकोट रस्त्याने वळसंगच्या पुढे. याच जागा उलट वेळेला वापरल्या तर धूमकेतू शहराच्या उजेडात बुडतो. हायवेपासून निदान अर्धा किलोमीटर आत जावे. ट्रकचा एक झोत डोळ्यांची वीस मिनिटांची सवय घालवतो. एकरूख (हिप्परगा) तलावाचा काठ मोकळा असला तरी पाण्याजवळ पहाटे भिंगावर दव धरते. नान्नजचे माळढोक अभयारण्य अंधारे आहे, पण रात्री तिथे शिरू नये. भुईकोट किल्ल्याच्या किंवा सिद्धेश्वर तलावाच्या परिसरातून शिर दिसेल, शेपटी नाही.

ऑक्टोबरच्या मध्यास सोलापुरात सूर्य 6:05 च्या सुमारास मावळतो. शोध 6:40 ला सुरू करावा. खरा वेळ 6:50 ते 7:20. उंची हातानेच मोजता येते: हात लांब करून धरलेली मूठ 10 अंश, ताणलेली वीत 20. 2024 मध्ये 14-15 ऑक्टोबरला खुणा सोप्या होत्या, डावीकडे शुक्र आणि उजवीकडे स्वाती, मधे धूमकेतू. 7×50 किंवा 10×50 ची दुर्बीण पुरते, पण सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती पश्चिमेला लावू नये, आणि पहाटे सूर्योदयापूर्वीच खाली ठेवावी. शेपटी सूर्याच्या उलट दिशेला, म्हणून संध्याकाळी ती वर उभी दिसते. विमानाची उजळलेली धूररेषा हमखास फसवते. दोन मिनिटांत सरकली की ती धूमकेतू नव्हे. जाहीर होणारी दृश्यप्रत (तेजाचा आकडा; जितका लहान तितके तेज जास्त) पूर्ण शिराची असते. तो उजेड पसरलेला असल्याने दुसऱ्या प्रतीचा धूमकेतू त्याच प्रतीच्या ताऱ्यापेक्षा मंद वाटतो.

छायाचित्रासाठी 50 ते 85 मिमीची लेन्स सोयीची. फोकस रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. लाइव्ह व्ह्यूमध्ये शुक्र दहापट मोठा करून रिंग हळूहळू फिरवावी, ठिपका सर्वांत लहान होईल तिथे थांबावे आणि रिंगवर चिकटपट्टी लावावी. हवा गार झाली की फोकस पुन्हा तपासावा. एक्स्पोजर किती? 500 भागिले फोकल लांबी: फुल फ्रेमवर 50 मिमीला 10 सेकंद, क्रॉप सेन्सरवर (सेन्सर लहान, म्हणून फोकल लांबी दीडपट धरून) 6 ते 7. त्यापुढे तारे रेघा होतात. 85 मिमीवर क्रॉपला 4 सेकंदच मिळतात. अ‍ॅपर्चर एफ/2 ते 2.8, आयएसओ 800 पासून सुरू करून आकाश काळवंडेल तसा 1600-3200, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). शटर 2 सेकंदांच्या टायमरने दाबावे. ट्रायपॉडवर लेन्सचे स्टॅबिलायझेशन बंद ठेवावे, नाहीतर तेच चित्र हलवते. चौकट उभी आणि शिर खालच्या तिसऱ्या भागात.

इथल्या काळ्या मातीच्या रानात ट्रायपॉडचे पाय एक्स्पोजर चालू असतानाच खचत जातात. तारे दुहेरी येतात, आणि दोष लेन्सला दिला जातो. मुरमाड जागा पाहावी किंवा प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा घालावा. माळावर वारा असतो, त्यामुळे मधला दांडा खालीच ठेवून त्याला पिशवी अडकवावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बी ज्वारीची पेरणी चाललेली असते. तुडवातुडव न करता बांधावर उभे राहावे, शेतकऱ्याला आधी विचारावे. विंचू-सापांसाठी बूट, आणि बॅटरीला लाल जिलेटिन कागद.

एकच फ्रेम काढून परतणे म्हणजे फेरी अर्धी वाया घालवणे. लागोपाठ 30-40 फ्रेम घ्याव्यात आणि शेवटी लेन्सवर झाकण घालून त्याच सेटिंगच्या 10-15 काळ्या फ्रेम (डार्क). सिक्वेटर किंवा डीप स्काय स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम तारे एकावर एक येतील अशा जुळवल्या की खरखर कमी होऊन शेपटी लांबवर उमटते. 50 मिमीवर दहा मिनिटांत धूमकेतूची स्वतःची चाल जाणवत नाही. 200 मिमीच्या पुढे मात्र जुळणी शिरावर करावी लागते.