तल्लित (ज्यूंचे दशांचे प्रार्थनावस्त्र)

तल्लित : ज्यू पुरुष सकाळच्या प्रार्थनेत अंगावर पांघरतात ते आयताकृती वस्त्र. त्याच्या चारही कोपऱ्यांना गाठी मारलेल्या दशा लोंबत असतात. त्यांना हिब्रूत ‘त्सित्सित’ म्हणतात. धर्माज्ञा आहे ती या दशांची, वस्त्राची नव्हे. वस्त्र केवळ दशा वागवण्यासाठी. म्हणूनच देश आणि काळ बदलले तसे वस्त्र बदलत गेले, दशांची घडण मात्र पुष्कळशी तशीच टिकली.

मूळ आज्ञा बायबलच्या गणना (१५:३७–४१) आणि अनुवाद (२२:१२) या ग्रंथांत आहे. वस्त्राच्या कोपऱ्यांना दशा लावा, त्यांत एक निळा धागा घाला, आणि त्या पाहून देवाच्या आज्ञांची आठवण ठेवा, असे ती सांगते. त्या काळी पश्चिम आशियात न शिवलेले कापड अंगाभोवती गुंडाळत असत; आपल्याकडच्या उपरण्या-शेल्यासारखेच. त्यामुळे वस्त्राला चार कोपरे असणे ही रोजची गोष्ट होती आणि दशांसाठी वेगळे कापड लागत नव्हते. सीरियातील दुरा-युरोपोस येथील सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, भित्तिचित्रांत (इ.स. २४४ च्या सुमारास) ग्रीक-रोमन पद्धतीची उत्तरीये पांघरलेल्या पुरुषांच्या पदरांना असे गोंडे स्पष्ट दिसतात.

पुढे बेतून शिवलेले अंगरखे रूढ झाले आणि कोपरेच नाहीसे झाले. आज्ञा अशी, की चार कोपऱ्यांचे वस्त्र नेसलात तर दशा लावा. तसे वस्त्रच अंगावर नसेल तर आज्ञाभंग होत नाही. म्हणजे पळवाट आयती होती. पण ज्यू समाजाने ती धरली नाही. केवळ आज्ञा पाळता यावी म्हणून त्याने मुद्दाम चार कोपऱ्यांची वस्त्रे जपली, या पोशाखाच्या इतिहासातली मला सर्वांत हृद्य वाटणारी गोष्ट हीच. त्यातून दोन प्रकार पक्के झाले : प्रार्थनेपुरते पांघरायचे मोठे ‘तल्लित गादोल’ आणि दिवसभर सदऱ्याआत घालायचे छोटे ‘तल्लित कातान’. छोटे वस्त्र म्हणजे मधोमध डोके घालण्यापुरते भोक असलेला कापडाचा तुकडा. तो छातीवर आणि पाठीवर उतरतो. मराठी वाचकाला इथे जानव्याची आठवण होणे साहजिक आहे, पण साम्य वरवरचे आहे. जानवे स्वतःच धारण करायचे असते. त्सित्सितला वस्त्राचा कोपरा नसेल तर अर्थच उरत नाही.

दशा बांधण्याची रीत अशी : कोपऱ्याजवळच्या छिद्रातून चार धागे ओवून दुमडले की आठ पदर होतात. त्यांतला एक धागा मुद्दाम लांब ठेवतात. तो बाकीच्यांभोवती गुंडाळत जायचे आणि मध्ये मध्ये दुहेरी गाठ मारायची. अशा पाच गाठी. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय परंपरेत गाठींच्या मधले वेढे ७, ८, ११ आणि १३ असतात. त्यांची बेरीज ३९. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याचे मूल्य असते, आणि ‘परमेश्वर एक आहे’ या अर्थाच्या हिब्रू शब्दांचे अक्षरमूल्यही ३९. सेफार्दींमध्ये, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेत, १०, ५, ६, ५ असे वेढे रूढ आहेत. ही देवाच्या चार अक्षरी नावाची अक्षरमूल्ये. येमेनी ज्यू मध्ययुगीन धर्मपंडित मायमोनिडीसच्या मताप्रमाणे तीन-तीन वेढ्यांचे छोटे गट करतात. ‘त्सित्सित’ या शब्दाचे मूल्य ६००, त्यात आठ पदर आणि पाच गाठी मिळवल्या की ६१३ होतात : धर्मशास्त्रातल्या एकूण आज्ञांची संख्या. धागे याच हेतूने कातलेले हवेत. हा संकल्प कातण्यापासूनच मनात असावा लागतो. म्हणून हाताने कातलेल्या धाग्यांना आजही जास्त मान आहे.

वस्त्राचे बदल मात्र विलक्षण आहेत. अश्केनाझी तल्लित जाड पांढऱ्या लोकरीचे असते, त्यावर काळे पट्टे. हे पट्टे हरवलेल्या निळ्या धाग्याचे (त्याची गोष्ट पुढे येते) किंवा जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराच्या शोकाचे चिन्ह, असे सांगतात. रोमन वस्त्रांवरच्या पट्ट्यांशीही अभ्यासक त्यांचे नाते जोडतात. सेफार्दींची पसंती बहुधा पांढऱ्यावर पांढऱ्याच पट्ट्यांना. इटलीत रेशमी तल्लित आणि कोपऱ्यांवर नाजूक भरतकाम आले. मानेवर येणाऱ्या काठाला ‘अतारा’ म्हणजे मुकुट म्हणतात. पूर्व युरोपातल्या गॅलिशियात, सासूव या गावी, चांदीच्या तारेचे अतारा विणण्याचा खास धंदाच होता, आणि हासिदी, म्हणजे भक्तिमार्गी पंथाच्या, घरांत असे तल्लित अभिमानाने मिरवले जाई.

एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी ज्यूंनी या विणीला कात्री लावली. पश्चिम युरोपात आणि अमेरिकेत अंगभर पांघरायच्या तल्लितची गळ्यात टाकायची अरुंद रेशमी पट्टी झाली; बऱ्याच सिनेगॉगांत तीही गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे उलटे फिरले. मोठे लोकरी तल्लित परतले, हातमागावर विणलेले रंगीत आले, स्त्रियाही ते पांघरू लागल्या. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, झाल्मन शाख्टर-शालोमी यांनी कबाला या ज्यू गूढविद्येतल्या रंगांवरून सप्तरंगी पट्ट्यांचे तल्लित घडवले, त्याला बरेच अनुयायी मिळाले. तल्लितची सर्वांत दूर पोचलेली छाया मात्र इस्रायलच्या राष्ट्रध्वजावर आहे. १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या पहिल्या झायोनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) अधिवेशनासाठी डेव्हिड वोल्फसोन यांनी निळ्या पट्ट्यांचा पांढरा ध्वज पुढे केला, तो तल्लितच्याच नमुन्यावरून.

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची वाट वेगळी. शनिवार पाळणे, सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते. सिनेगॉगमधली रीतसर उपासना त्यांच्याकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत रुजली, त्यात कोचीनच्या शिक्षकांचा मोठा हात होता. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग, ‘शाआर हारहमीम’, उभे राहिले. मराठीत हा समाज त्याला मशीदच म्हणत असे. त्यांची उपासना सेफार्दी वळणाची, त्यामुळे तल्लितही त्याच परंपरेतले.

कोणी कधी पांघरावे यातही एकमत नाही. सेफार्दी आणि जर्मन ज्यूंमध्ये मुलगा बार मित्स्वाच्या, म्हणजे तेराव्या वर्षाच्या आतबाहेर मोठे तल्लित घेतो. पोलंड-लिथुआनियाकडचे अनेक पुरुष लग्नानंतरच घेतात. कारण अनुवाद ग्रंथात दशांच्या आज्ञेला लागूनच विवाहाचा विषय सुरू होतो. दशा ‘पाहायच्या’ असल्यामुळे तल्लित दिवसाचे. रात्री घेण्याचा प्रसंग वर्षातून एकदा, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. लग्नात चौघांनी धरलेल्या तल्लितचे वधूवरांवर छत करतात. मृत पुरुषाला त्याच्याच तल्लितमध्ये गुंडाळतात, पण आधी एक दशा कापून टाकतात. आज्ञा पाळायची जबाबदारी आता त्याच्यावर उरलेली नसते.

छोट्या तल्लितच्या दशा आत ठेवायच्या की बाहेर सोडायच्या, यावर शतकानुशतके वाद आहे. गॅलिलीतल्या सफेद या नगराचे कबालावादी इत्झाक लुरिया (१५३४–१५७२) यांच्या प्रभावामुळे सेफार्दी पुरुष त्या आत ठेवतात. उलट लिथुआनियाचे रब्बी यिस्रायल मेइर कागान (१८३८–१९३३) यांनी त्या लपवणाऱ्यांना खडसावले. राजाने दिलेली देणगी कोणी झाकून ठेवतो का, असा त्यांचा रोख होता. आज विजारीवर लोंबणाऱ्या दशा पाहून माणूस कोणत्या गटाचा, याचा अंदाज बांधता येतो. कापडही बदलले : लोकरीबरोबर सुती, उन्हाळ्यासाठी जाळीचे, दोन्ही बाजूंनी चिरून चार कोपरे केलेले टी-शर्टवजा, इस्रायली सैनिकांसाठी हिरवट रंगाचे. यांतल्या प्रत्येकाने शास्त्र्यांपुढे नवा प्रश्न ठेवला. कृत्रिम धाग्याचे कापड मुळात ‘वस्त्र’ ठरते का, की चामड्यासारखे ते आज्ञेबाहेरचे, हा त्यांतला मोठा.

निळ्या धाग्याची, ‘तेखेलेत’ची गोष्ट याहून लांबची. हा रंग ‘हिलाझोन’ नावाच्या समुद्री जीवापासून काढलेलाच हवा. झाडापासूनची नीळ दिसायला तशीच असली तरी तलमुद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथाच्या लेखी ती लबाडी. आरंभीच्या मध्ययुगात रंग करण्याची विद्या लुप्त झाली आणि सगळ्या दशा पांढऱ्या झाल्या. १८८७ पासून पोलंडमधील राद्झिनचे रब्बी गेर्शोन हेनोख लायनर यांनी तो जीव म्हणजे माकुळ कुळातला प्राणी असे ठरवून रंग केला, आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी निळे धागे लावले. १९१३ मध्ये इत्झाक हेर्झोग, पुढे इस्रायलचे प्रमुख रब्बी, यांनी लंडन विद्यापीठातल्या प्रबंधासाठी त्या रंगाची तपासणी करवली. तो निघाला प्रशियन निळा : रंग माकुळाचा नव्हता, कृतीत टाकलेल्या लोखंडाने उमटला होता. खरा हिलाझोन म्हणून म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायीवर संशय होता, पण तिच्यापासून निघे जांभळा. हा पेच १९८० च्या दशकात इस्रायलच्या शेंकार महाविद्यालयातले रसायनतज्ज्ञ ओटो एल्स्नर यांच्या हाती सुटला. रंगाचे द्रावण उन्हात राहिले की त्यातले ब्रोमीन सुटते आणि लोकर निळी निघते. हा निळा रसायनाच्या दृष्टीने नीळच. तलमुदला डोळ्यांनी फरक का दिसत नव्हता, त्याचे उत्तर त्यात आहे.

तरीही वाद मिटलेला नाही. परंपरेची साखळी एकदा तुटली की प्रयोगशाळेतून ती जोडता येत नाही, असे मानणारे पांढऱ्या दशांवरच राहिले. लावणाऱ्यांतही, आठ पदरांपैकी निळे किती, यावर जुने मतभेद पुन्हा जागे झाले : मायमोनिडीसच्या मते एक, प्रोव्हान्सचे मध्ययुगीन धर्मपंडित राबाद यांच्या मते दोन, फ्रान्सचे भाष्यकार राशी यांच्या मते चार. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी सकाळी उभे राहिले तर तिन्ही पद्धतींच्या दशा, पांढऱ्यांच्या शेजारी, एकाच रांगेत दिसतात.