बरड जमीन (विदर्भ)

विदर्भातील डोंगरउतारांवर, टेकड्यांच्या माथ्यांवर आणि पठारांच्या कडांना आढळणाऱ्या, उथळ, दगडगोट्यांनी भरलेल्या आणि बहुधा विरळ पानझडी जंगलाखाली असलेल्या जमिनीला स्थानिक बोलीत बरड किंवा बरडी म्हणतात. गाविलगडच्या डोंगरांचा दक्षिण उतार, बुलढाण्याकडील अजिंठा रांगेचे फाटे, अमरावतीजवळच्या पोहरा-मालखेडच्या टेकड्या आणि यवतमाळच्या पठाराच्या कडा हा तिचा मुख्य प्रदेश होय. पश्चिम विदर्भाच्या सपाटीवर वर्षाला साधारण ७०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो व हवामान निमशुष्क गणले जाते. मेळघाटाच्या उंच भागात पाऊस बराच अधिक असला, तरी उतारावरून पाणी वाहून जात असल्यामुळे तेथील उथळ मातीला पर्जन्यमापकाच्या आकड्यापेक्षा कोरडे हवामान लाभते. या जमिनीचे वर्णन करताना हा फरक नजरेआड करता येत नाही.

नागपुरात सीताबर्डीला नुसते ‘बर्डी’ म्हणण्याचा प्रघात आहे. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन गवळी बंधूंच्या नावांवरून हे नाव पडले, अशी लोककथा सांगितली जाते. बेसाल्टच्या खडकाळ टेकडीला जमिनीच्या जातीवरून बर्डी म्हटले गेले असावे, हा दुसरा तर्क स्थळाच्या स्वरूपाशी अधिक जुळतो.

महसुली प्रतवारी : विदर्भाच्या दोन भागांत जमिनीची प्रतवारी दोन निरनिराळ्या पद्धतींनी झाली आणि ‘बरड’ या शब्दाच्या अर्थातील आजची संदिग्धता बव्हंशी त्यातून आलेली दिसते. मध्य प्रांताच्या नागपूर भागात जमाबंदीच्या वेळी मातीचे वर्ग बोलीतल्या नावांनीच पाडले गेले. खोल काळी ती काळी, तिच्यापेक्षा हलकी व मिश्र ती मोरंड, उथळ व फिकी ती खरडी आणि तांबूस, गोटेमिश्रित, चढावरची ती बरडी. प्रत्येक वर्गाला सापेक्ष मोल देऊन त्यावरून सारा ठरे. १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिश प्रशासनाकडे आलेल्या वऱ्हाडात मात्र मुंबई इलाख्याची पद्धत लागू झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने रूढ केलेल्या या पद्धतीत नावाला महत्त्व नव्हते. मातीचा रंग व पोत यांवरून तीन प्रती मानून खोली हातांत मोजत. उत्तम प्रतीची माती पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर, खोल असेल तर तिला सोळा आणे मिळत व खोली जसजशी कमी होई तसतसे आणे उतरत, असे एकूण नऊ वर्ग होते. शिवाय चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाण्याच्या लोंढ्याखाली येणे असे सात दोष ठरवून दिलेले असत. शेताच्या नकाशावर त्यांच्या खुणा केल्या जात आणि प्रत्येक दोषामागे जमीन एक वर्ग खाली येई. नागपुरी पद्धतीने नाव टिकवले आणि वऱ्हाडी पद्धतीने माप टिकवले, असे म्हणता येईल. खोली आणि दगड हेच बरडाचे निर्णायक गुण असल्यामुळे आजच्या वर्गीकरणाला दुसरी पद्धत अधिक जवळची आहे.

जनक खडक : पश्चिम व मध्य विदर्भाचा पाया दख्खन ट्रॅपचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांनी बनलेल्या बेसाल्टचा आहे. एकावर एक साचलेल्या प्रवाहांपैकी काही घट्ट व काही सच्छिद्र असतात. घट्ट प्रवाह उभ्या सांध्यांवर फुटतो, त्याच्या गोट्यांचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पदर सुटत जातात आणि आतला गाभा टणकच राहतो. सच्छिद्र प्रवाहांच्या पोकळ्यांत झिओलाइट व गारेचे खनिज भरलेले असते. असा खडक लवकर कुजून मुरूम होतो. त्यामुळे एकाच टेकडीच्या उतारावर पायऱ्या दिसतात. घट्ट प्रवाहाच्या कड्यावर वीतभरही माती नसते आणि त्याखालच्या मुरमाड सपाटीवर तीच दीड-दोन हात भरते. दोन प्रवाहांमध्ये काही ठिकाणी तांबड्या चिकण्या मातीसारखा पट्टा असतो. तो जुन्या मातीचा अवशेष आहे की लाव्हाने बदललेली राख, याबद्दल मतभेद आहेत. असा पट्टा उघडा पडलेल्या उतारावरील माती लाल दिसते, पण तेवढ्यावरून तिला आजच्या हवामानात घडलेली लाल माती म्हणणे चुकीचे ठरते.

मृदाछेदाचे वर्णन : बरडाचा मृदाछेद, म्हणजे पृष्ठभागापासून खडकापर्यंतचा मातीचा उभा काप, सहसा तीन-चार थरांचा असतो. वर ५ ते २० सेंटिमीटरचा गडद तपकिरी, कणीदार, मुळ्यांनी विणलेला थर, त्याखाली गोट्यांच्या फटींत शिरलेली माती, त्याखाली मुरूम आणि शेवटी पक्का खडक. मुळे खडकाच्या सांध्यांतून आणखी खाली उतरलेली असतात. ती कितपत खोल गेली आहेत याची नोंद केली नाही, तर तेथे झाड उभे कसे राहिले याचा उलगडा वर्णनातून होत नाही. बेसाल्टवरील बरडात विरळ आम्ल टाकले असता वरच्या थरात बहुधा फेस येत नाही. मुरमाच्या भेगांतील पांढऱ्या चुन्याच्या लेपावर मात्र तो येतो.

वर्णनातील खरी अडचण दगडांच्या मोजणीची आहे. प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळली जाते, चाळणीवर राहिलेले सगळे बाजूला पडते आणि पोत, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध ओलावा हे आकडे उरलेल्या बारीक मातीचे असतात. काळ्या रानात याने बिघडत नाही. बरडात मात्र फेकून दिलेला भागच निम्मा असू शकतो. समजा, ४० सेंटिमीटर खोल मातीत दगड आकारमानाने निम्मे आहेत आणि बारीक माती दर मीटर खोलीला १२० मिलिमीटर उपलब्ध पाणी धरते. अहवालावरून हिशेब केल्यास ४८ मिलिमीटर पाणी दिसेल, प्रत्यक्षात ते २४ मिलिमीटर आहे. रोज ५ मिलिमीटर बाष्पोत्सर्जन धरले, तर पावसाचा खंड पडल्यावर ते पाच दिवसांत संपते. शेतकरी ‘बरड आठवड्याचाही खंड सोसत नाही’ म्हणतात, ते या हिशेबाशी जुळते. कुजलेला मुरूम स्वतःही थोडे पाणी धरतो, म्हणून जंगलात परिस्थिती किंचित बरी असते.

वर्गीकरणात दगडांचे प्रमाण आकारमानाने विचारले जाते, तर क्षेत्रावर वजन करणे सोपे पडते. या रूपांतरात घोटाळा होतो. बारीक मातीची घनता १.३ आणि घट्ट बेसाल्टची २.८ धरल्यास वजनाने निम्मे असलेले दगड आकारमानाने फक्त सुमारे ३२ टक्के भरतात. दगड सच्छिद्र बेसाल्टचे, २.२ घनतेचे असतील, तर तेच प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. ३५ टक्के ही दगडाळ कुलाची (कुल म्हणजे वर्गीकरणातील उपगटाखालची पातळी) मर्यादा असल्यामुळे वजन तेच राहूनही कुल बदलते. याहून नाजूक प्रश्न मुरमाचा आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मृदा-वर्गीकरण पद्धतीत टणक तुकडेच खडकतुकडे म्हणून मोजले जातात. हातात किंवा खलात चुरडणारे मऊ तुकडे त्यांत धरत नाहीत, नमुना तयार करताना ते चुरून बारीक मातीत मिसळतात. म्हणून खल किती जोराने चालवला, यावरही आकडा हलतो. एक साधी खबरदारीही घ्यावी लागते. वहितीखालच्या बरडात पिढ्यान्‌पिढ्या गोटे वेचून धुऱ्यावर टाकलेले असतात, तेव्हा वावरातील पृष्ठभागावरून मूळ उतारावरील दगडांचा अंदाज बांधू नये. धुऱ्यावरची रास हाही मृदाछेदाचाच भाग समजावा.

वर्गीकरण : भारतातील मृदासर्वेक्षणात १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकी मृदा-वर्गीकरण पद्धत प्रमाण मानली जाते आणि नागपूर येथे मुख्यालय असलेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो (स्थापना १९७६) तीच वापरतो. तिच्यानुसार बहुतेक बरड एंटिसॉल (थर फारसे न घडलेल्या मातीचा) या गणात, उस्टॉर्थेंट्स महागटात येते. पृष्ठभागापासून ५० सेंटिमीटरच्या आत पक्का खडक लागला, तर उपगट लिथिक (खडकावरचा) होतो. त्याच खोलीवर मऊ मुरूम लागला, तर उपगट टिपिक (नमुनेदार) राहतो आणि उथळपणा केवळ कुलाच्या नावात नोंदला जातो. म्हणजे घट्ट प्रवाहावरील व सच्छिद्र प्रवाहावरील शेजारच्या दोन जमिनी, पिकाच्या दृष्टीने जवळपास सारख्या असूनही, उपगटाच्या पातळीवर वेगळ्या होतात. मुळांच्या दृष्टीने हा भेद रास्त आहे. उताराच्या मधल्या भागात, जेथे निदान १५ सेंटिमीटर जाडीचा बदललेला उपथर तयार झाला आहे, तेथे इन्सेप्टिसॉल (थर घडू लागलेल्या मातीच्या) गणातील हॅप्लुस्टेप्ट्स मिळतात. जुन्या अहवालांतील उस्टोक्रेप्ट्स ते हेच. १९९० च्या दशकाअखेरीच्या फेररचनेत ते नाव वगळले गेले. पायथ्याशी भेगाळ काळ्या मातीचे व्हर्टिसॉल येतात. दाट पानझडीखाली पालापाचोळा टिकला असेल, तर वरचा थर गडद, आधारसंपृक्त (कॅल्शियम, मॅग्नेशियम यांनी समृद्ध) व कर्बयुक्त होऊन मॉलिसॉल या गणाच्या अटी पूर्ण करू शकतो. थेट खडकावर बसलेल्या थराला तर १० सेंटिमीटर जाडीही पुरते. परंतु उन्हाळी वणवा आणि मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची रीत यांमुळे असा थर बरडावर क्वचितच शिल्लक राहतो.

मृदा-वर्गीकरणाच्या जागतिक संदर्भ पद्धतीत (डब्ल्यूआरबी) २५ सेंटिमीटरच्या आत सलग खडक लागणारी किंवा ७५ सेंटिमीटरपर्यंत सरासरी २० टक्क्यांहून कमी बारीक माती असलेली जमीन लेप्टोसॉल ठरते. त्यामुळे ३० ते ५० सेंटिमीटर खोलीची पुष्कळशी बरड जमीन एका पद्धतीत लिथिक ठरूनही दुसरीत लेप्टोसॉलबाहेर राहते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवताना हे ध्यानात घ्यावे.

लाल-काळ्या साखळीचा प्रश्न : माथ्यावर तांबूस-तपकिरी बरड आणि पायथ्याशी खोल काळी, दोन्हींचा जनक खडक एकच, हे कसे घडले यावर बराच वाद झाला आहे. पूर्व आफ्रिकेतील उतारांवरून मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या मृदासाखळीच्या (उतारावर ठरावीक क्रमाने बदलत जाणाऱ्या मातीच्या) कल्पनेला धरून जुने स्पष्टीकरण निचऱ्यावर भर देते. माथ्यावर पाणी थांबत नाही, लोहाचे ऑक्सिडीकरण होते, सिलिका, कॅल्शियम व मॅग्नेशियम खाली वाहून जातात आणि सखल भागात त्यांपासून स्मेक्टाइट ही फुगणारी चिकणमाती बनते. मृदाशास्त्रज्ञ डी. के. पाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून याला हरकत घेतली. आजच्या निमशुष्क हवामानात बेसाल्टमधील फेल्डस्पार हे खनिज इतके सावकाश कुजते की काळ्या रानातील स्मेक्टाइटचा प्रचंड साठा त्यातून जागेवर तयार होणे शक्य नाही. तो पूर्वीच्या दमट काळात उंच भागी बनला आणि धुपून खाली साचला, असे त्यांचे म्हणणे आहे. हवामान कोरडे होण्यास प्लायोसीन-प्लाइस्टोसीन संधिकालाच्या (सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीच्या) सुमारास सुरुवात झाली असावी, असा या मताचा कल आहे. काळ्या मातीची कर्ब-कालमापने मात्र बहुधा होलोसीनमधली, म्हणजे गेल्या सुमारे ११,७०० वर्षांतली, येतात. चिकणमातीचे कण बनण्याचा काळ आणि ते साचण्याचा काळ निराळे मानले, तर यात विसंगती उरत नाही.

विदर्भातील बरडापुरते पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. येथे विकसित उपथराचा अभाव आणि खडकाशी होणारा एकदम संपर्क यांवरून ही तरुण माती नसून वरचे थर निघून गेलेली, छाटलेली माती आहे असे वाटते. तथापि झिओलाइटयुक्त सच्छिद्र प्रवाहाच्या सपाट पायऱ्यांवर कॅल्शियमचा पुरवठा चालू राहून स्मेक्टाइट जागेवरच टिकते. तेथील उथळ पण चिकण, भेगा पडणारी माती पहिल्या किंवा दुसऱ्या कोणत्याच स्पष्टीकरणात नीट बसत नाही.

वनस्पती व वापर : वनशास्त्रज्ञ चॅम्पियन व सेठ यांच्या १९६८ च्या भारतीय वनप्रकारांच्या वर्गीकरणात सालईचे व अंजनाचे जंगल हवामानाने नव्हे, तर जमिनीने ठरणारे प्रकार म्हणून वेगळे काढले आहेत. कोरड्या खडकाळ माथ्यावर सालई, तिच्याखाली धावडा, मोईन व तेंदू आणि माती भरत जाईल तसा साग, हा क्रम मेळघाटात सहज दिसतो. बरडावर साग खुजा व वाकडा राहतो. मोकळ्या जागी कुसळी गवत असते. मेळघाटातील कोरकू अशा उतारांवर कोदो-कुटकी घेत आले आहेत. वहितीखालच्या बरडाचा गुण इतकाच, की पाऊस उघडताच तिला वाफसा लवकर येतो. भूमीक्षमता वर्गीकरणात ती सहाव्या ते आठव्या वर्गात, म्हणजे लागवडीस अयोग्य, धरली जाते.

महसुली दप्तरात ही जमीन वऱ्हाडात बहुधा ‘ई क्लास’ म्हणून चराईसाठी, तर नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदली गेली. झुडपी जंगलाला वनजमीन मानावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. या नोंदीत मातीची निकृष्टता आणि झुडपांची वाढ एकमेकांची कारणे म्हणून दिलेली आढळतात, खोली मोजलेली नसते. पूर्व विदर्भातील पट्टिताश्म (नाइस खडक) व जांभ्यावरील गोटाळ जमिनींनाही बोलीत बरडीच म्हणतात. त्या आम्लधर्मी व वाळूसर असून बेसाल्टवरील बरडाशी त्यांचे साम्य उथळपणापुरते आहे.